लाइन नाही तिथली रात्र

यवतमाळ
दिवाळीनंतरचा रविवार

चि. बाबूस,


गाडीचे फोटो पाहिले. आजीलाही दोनदा दाखवले. ट्रॅव्हलरमधली बाकं काढून तू आत पलंग केलास, ओटा केलास, पाण्याची टाकी बसवलीस आणि खिडकीला आजीच्या जुन्या लुगड्याचा पडदा लावलास. हे सगळं मनापासून आवडलं. फोटोंखाली तू एकच ओळ लिहिलीस : "आबाजी, छतावर किती वॅटच्या प्लेटा बसतील?" त्या एका ओळीसाठी हे लांब पत्र लिहायला बसलो आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू आकडे टिपून घेतले असतेस आणि कारणं राहून गेली असती.

छतावर किती बसतील, हे सुतार फूटपट्टी लावून सांगेल. तुला अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत किती लागेल, हे तुझ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून आधी रात्र मोजायची, मग बॅटरी ठरवायची, आणि प्लेट सगळ्यात शेवटी. आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवताना मी हा क्रम फळ्यावर लिहायचो, तरी दर वर्षी अर्धा वर्ग प्लेटपासूनच गणित सुरू करायचा. प्लेट डोळ्यांना दिसते, रात्रीची गरज दिसत नाही.

लाइनशिवाय राहणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. पांढरकवड्याकडे किंवा राळेगावकडे जाताना कोणत्याही वावराच्या धुऱ्यावर बघ. लाकडी खांबाला एक लहानशी सोलर प्लेट, खाली पेटीत बारा व्होल्टची बॅटरी आणि झटका मशीन. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून तूर-सोयाबीन वाचवायला ते मशीन रात्रभर तारेत क्षणभराचे झटके सोडत राहतं. त्या शेतकऱ्याला विचार, "भाऊ, तुमची प्लेट किती वॅटची?" बहुतेकांना आठवणार नाही. पण "झड लागली तर मशीन किती रात्री चालतं?" असं विचारलंस तर तो लगेच सांगेल, तीन रात्री, चार रात्री. त्याच्या पुढच्या रात्री त्याला स्वतः जागलीला जावं लागतं, म्हणून तो आकडा त्याला पाठ असतो. तुझ्या गाडीचं गणितही मला याच भाषेत हवं आहे.

मेंढ्या घेऊन आपल्याकडे फिरणारे काठेवाडी तू लहानपणी पाहिले आहेस. एका उन्हाळ्यात आपल्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या, तेव्हा त्यांच्या डेऱ्यावर मी संध्याकाळी जाऊन बसायचो. उंटावरच्या खाटेला एक प्लेट बांधलेली, तिच्यावर एक दिवा आणि दोन फोन. डेऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसाने मला दाखवलं की प्लेट उन्हात राहते, पण फोन आणि बॅटरी गोधडीखाली सावलीत ठेवायची, नाहीतर ती फुगते. शाळेत न गेलेल्या त्या माणसाला जे कळलं होतं ते न कळल्यामुळे लोक महागड्या बॅटऱ्या घालवून बसतात. आणि तांड्यांचं तर काय सांगू! पुसद तालुक्यातलं गहुली हे वसंतराव नाईकांचं गाव. ते ज्या बंजारा समाजातले, त्या समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख फिरत. लदेणी निघायची ती पुढच्या मुक्कामाला पाणी आणि चारा कुठे आहे, हे धरून. ओझं मुक्कामावरून ठरायचं. तुझी गाडीही तांडाच आहे, एका बैलाचा.

आता वही घे. प्रत्येक वस्तूचे वॅट लिही, पुढे ती किती तास चालेल ते लिही, दोन्हींचा गुणाकार कर. हजार वॅट-तास झाले की एक युनिट. वीजबिलात असतं तेच युनिट. तू सांगितलेल्या सामानावरून मी आपल्याकडच्या हिवाळ्याचा हिशेब केला आहे. पाच-पाच वॅटचे चार दिवे, संध्याकाळचे पाच तास : शंभर. बारा व्होल्टचा लहान फ्रिज, त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधूनच चालतो, थंडीत दिवसाला सुमारे चारशे. दोघांचे फोन आणि कॅमेरा : साठ. लॅपटॉपवर चार तास काम : दोनशे चाळीस. पाण्याची मोटर अर्धा तास : तीस. पंख्याची गरज नाही, डिसेंबरात रात्री गोधडी लागते. एकूण आठशे तीस. तारांत, इन्व्हर्टरमध्ये, बॅटरी भरताना आणि रिकामी होताना काही वाया जातंच. त्यासाठी पंधरा टक्के धरले की हिवाळ्यातला तुझा दिवस जवळपास एका युनिटाचा होतो.

हे वाचून तुला वाटेल की किती थोडं लागतं! थांब. मे महिना यायचा आहे.

मे महिन्यात आपल्या यवतमाळात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. दोन लहान पंखे वीस तास चालतात : सहाशे. तोच फ्रिज आता सातशे खातो, कारण त्याच्याभोवतीची हवाच तापलेली असते. एसीचा विचार मनात असेल तर तो सोड. एक टनाचा एसी चालतो तेव्हा हजार वॅटच्या आसपास घेतो. कॉम्प्रेसर निम्मा वेळच चालला तरी एका रात्रीला चार युनिटं गेली. ती साठवायला गाडीत बॅटऱ्याच बॅटऱ्या होतील आणि झोपायला जागा उरणार नाही. वऱ्हाडातल्या माणसाकडे याला दुसरं उत्तर आहे, कूलर. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून ओल्या वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या पडद्यातून ओढलेली हवा खरोखर थंड होते. मुंबईत किंवा कोकणात हे चालणार नाही, तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली. बारा व्होल्टवर चालणारा साठ वॅटचा लहान कूलर बारा तास लावलास तर सातशे वीस. बाकीचं सामान तेच. सगळं मिळून, नासाडी धरून, मेचा दिवस तीन युनिटांना टेकतो. म्हणजे हिवाळ्याच्या तिप्पट. आणि कूलरला पाणी लागतं हे विसरू नकोस. उन्हाळ्यात आपल्याकडे विजेआधी पाणी संपतं, तेव्हा टाकीचा हिशेबही या वहीत लिही.

पावसाळा या दोन्हींच्या मध्ये बसतो. फ्रिजला पाचशे, पंख्यांना तीनशे, बाकीचं तेच, म्हणजे सुमारे दीड युनिट. आकडा मधला आहे, पण सगळ्यात अवघड ऋतू हाच आहे. याबद्दल मला एक जुनी गोष्ट तुला सांगायची आहे, आजवर घरात कधी सांगितली नाही.

तीस वर्षांपूर्वी झरी-जामणीकडच्या एका कोलाम पोडावर सोलरचे दिवे बसवायच्या कामात मी होतो. डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरं, खांब यायला अजून पुष्कळ वर्षं होती. एका घराला सदतीस वॅटची एक प्लेट, बारा व्होल्ट चाळीस अँपिअर-तासांची एक बॅटरी, नऊ-नऊ वॅटचे दोन दिवे. रोज चार तास दिवे लागले तर खर्च बहात्तर वॅट-तास. पावसाळ्यात सरासरीने ती प्लेट दिवसाला शंभराच्या थोडं वर आणायची, आणि प्लेटने काहीच दिलं नाही तरी बॅटरी तीन रात्री सांभाळायची. ज्याने हे गणित मांडलं होतं त्याने ते नीट मांडलं होतं. बिघडवलं मी. एका घरच्या बाईने विनंती केली की बॅटरीवर चालणारा लहान टीव्ही आणला आहे, जोडून द्या. तिचा मुलगा आश्रमशाळेतून सुट्टीला आला होता. मी जोडून दिला. पंधरा-वीस वॅटचा टीव्ही चार तास म्हणजे जवळपास दिव्यांइतकाच खर्च. बॅटरी खाली गेली की कंट्रोलर आपोआप तोडायचा, टीव्ही मध्येच बंद पडायचा. पुढच्या खेपेला त्यांनी ती तक्रार केली आणि मी काय केलं? कंट्रोलरला वळसा घालून तार सरळ बॅटरीला जोडली. त्यांचे चेहरे उजळले, मलाही बरं वाटलं.

श्रावणात पाच दिवसांची झड लागली. प्लेटवर उजेड होता पण ऊन नव्हतं, आणि तोडणारा कंट्रोलर मीच बाजूला केला होता. बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत उपसली गेली आणि तशीच रिकामी पडून राहिली. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या पाट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो, मग ती पुन्हा धरत नाही. मी पोळ्यानंतर गेलो तेव्हा त्या घरात रॉकेलची चिमणी परत आली होती. शेजारच्या घरांत, जिथे मी काही "मदत" केली नव्हती, तिथे दिवे लागत होते. त्या बाईने मला पाणी दिलं, एक शब्द बोलली नाही. नवी बॅटरी मिळायला त्यांना पुढचा उन्हाळा उजाडला. त्या घराचा एक हिवाळा चिमणीवर गेला तो माझ्या हातून. म्हणून तुला कळकळीने सांगतो, बॅटरी तोडणारी व्यवस्था तुला त्रास देईल तेव्हा तिच्यावर चिडू नकोस आणि तिला कधीही वळसा घालू नकोस.

तर आता बॅटरी. दोन जाती तुझ्यापुढे आहेत. घराघरांत इन्व्हर्टरला असते ती ट्युब्युलर, शिसं आणि आम्लाची. दीडशे अँपिअर-तासांची एक घे : बारा गुणिले दीडशे, अठराशे वॅट-तास. पण ती निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे हाताला नऊशेच लागतात. वजन पन्नास किलोच्या पुढे, दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड पाणी, आणि भरताना गॅस सुटतो म्हणून झोपायच्या जागेत ठेवता येत नाही. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. बारा व्होल्ट म्हणून विकली जाते, खरी पावणेतेरा व्होल्टची असते. दोनशे अँपिअर-तासांची घेतलीस तर अडीच हजारांच्या थोडं वर, त्यातलं नव्वद टक्के वापरता येतं, म्हणजे तेवीसशे. वजन पंचवीस किलोच्या आत. तेवढीच कामाची साठवण शिशात हवी तर तीन बॅटऱ्या आणि दीडशे किलो. पैसे तुझे आहेत, पण डोंगररस्त्यावर ते वजन गाडी रोज ओढणार आहे. मी दुसरीच घेईन. घरी ठेवायची असती तर कदाचित पहिली घेतली असती.

लिथियमचा एक स्वभाव आपल्या मुलखात लक्षात ठेवायला हवा. थंडीची भीती इथे नाही, लडाखला गेलास तर शून्याखाली ती भरू नकोस. इथे भीती उन्हाची. मेच्या दुपारी बंद गाडीत हात लावता येत नाही इतकं तापतं, आणि पंचेचाळीस अंशांच्या वर बॅटरी भरत राहिलो तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. इंजिनाला लागून असलेली जागा तू फोटोत खूण करून दाखवली आहेस, ती नको. पलंगाखाली मध्यभागी ठेव, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी जाळी दे. काठेवाड्याची गोधडी आठव.

आता बॅटरी रिकामी किती दिवसांत होईल ते बघू, कारण झटका मशीनवाल्याचा प्रश्न अजून बाकी आहे. त्याआधी प्लेट सांगतो, तिच्याशिवाय हे पुरं होत नाही.

प्लेटवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतल्या पूर्ण उन्हाचे आहेत. तसं पूर्ण ऊन दिवसाला किती तास मिळाल्यासारखं होतं, हे प्रत्येक गावाचं वेगळं. आपल्याकडे आडव्या ठेवलेल्या प्लेटला डिसेंबरात सव्वाचार तासांच्या आसपास, मेमध्ये सहाच्या वर, जुलै-ऑगस्टमध्ये सरासरीने चार. पण सरासरी फसवते. झडीच्या दिवशी एक-सव्वा तास मिळाला तरी पुष्कळ. आज बाजारात सहज मिळणारी पाचशे चाळीस वॅटची प्लेट सव्वादोन मीटरच्या थोडी वर लांब, सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. तुझ्या छतावर ती मावेल, पाण्याच्या टाकीच्या झाकणाला जागाही उरेल. नासाडी आणि उष्णता धरून ती डिसेंबरात पावणेदोन युनिटं आणेल, गरज एका युनिटाची. मेमध्ये सव्वादोन ते अडीच, गरज तीन. पावसाळ्यात सरासरी दीडच्या थोडं वर, गरज दीड. झडीच्या दिवशी जेमतेम अर्धं युनिट.

म्हणजे झडीत रोज सुमारे एक युनिट बॅटरीतून जाणार, बॅटरी तेवीसशेची. दोन दिवस निघाले, तिसऱ्या संध्याकाळी अंधार. आता दुसरा हिशेब कर. झड लागली त्याच सकाळी फ्रिज रिकामा करून बंद केलास आणि लॅपटॉप मिटवलास. उरले दिवे, पंखे, फोन आणि पाण्याची मोटर. नासाडीसकट पावणेसहाशे. प्लेट आणते पाचशेच्या जवळ. मग हीच बॅटरी पंधरवडाभर टिकते! दुसरी बॅटरी विकत घेण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघ. पहिल्या दिवशी काय बंद करायचं, हे भिंतीवर चिकटवून ठेव. तिसऱ्या दिवशी ठरवून उपयोग नसतो, पोडावर मी तेच शिकलो.

टिपेश्वरचा तो वाघ तुला आठवत असेल. २०१९ साली आपल्या अभयारण्यातून निघून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, वळणावळणाने तीन हजार किलोमीटर चालला. त्याच्या गळ्यातला पट्टा बॅटरीवरच त्याचं ठिकाण कळवत होता. मला त्या बातमीत वाघाइतकाच तो पट्टा आवडला. पट्ट्याने दिवसातून किती वेळा बोलायचं हे आधी ठरवल्याशिवाय त्यातली बॅटरी केवढी घालायची हे कुणी ठरवू शकत नाही, आणि वाघाच्या गळ्यात काही मोठी बॅटरी बांधता येत नाही.

बसवताना काय काय सांभाळायचं ते सांगतो. प्लेट छताला चिकटवू नकोस, खाली चार बोटं मोकळी ठेव. वॅटचा आकडा प्लेट पंचवीस अंशांवर असतानाचा असतो. मेच्या दुपारी ती पासष्ट-सत्तरला जाते आणि पंधरा टक्के तिथेच गळतात. खालून वारा गेला तर त्यातलं थोडं परत मिळतं. शिवाय छत प्लेटच्या सावलीत राहून गाडीही कमी तापते, हा मला मोठा फायदा वाटतो. चौकट लोखंडी अँगलची कर, बोल्टला लॉक नट लाव. पंचवीस-तीस किलोची काच ताशी ऐंशीच्या वाऱ्यात डोक्यावर आहे, हे विसरून चालणार नाही.

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यवतमाळात भर दुपारी उभ्या काठीची सावली पायाशी जाते, सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा आडवी प्लेट उत्तम. डिसेंबरात मात्र दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम अर्ध्यावर चढतो आणि आडव्या प्लेटवरून पाव हिश्श्याहून जास्त ऊन घसरून जातं. मी वर धरलेला सव्वाचार तासांचा आकडा हा तोटा धरूनच आहे. प्लेटच्या दक्षिणेकडच्या कडेला बिजागरी आणि उत्तरेकडच्या कडेला टेकू देऊन ती उचलता आली तर उत्तमच. पण मुक्कामाला उचललेली प्लेट निघताना पाडायची आठवण राहिली पाहिजे. तेवढी शिस्त असेल तरच बिजागरी कर.

आणि सावली. आपल्या उन्हाळ्यात गाडी चिंचेखाली किंवा कडुनिंबाखाली लावावी असं कुणालाही वाटेल. पण प्लेटच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तर तेवढाच कोपरा बंद पडत नाही, एका ओळीतल्या सगळ्या पेशी तिच्याबरोबर मागे ओढल्या जातात. पाव प्लेट झाकली तर निम्मी वीज जाऊ शकते. म्हणून मेमध्ये प्लेट गाडीवर आणि माणसं झाडाखाली. बाहेर बाज टाकायला कितीशी जागा लागते?

कंट्रोलर एमपीपीटी जातीचाच घे. ही मोठी प्लेट एक्केचाळीस व्होल्टच्या आसपास चालते, बॅटरी तेरावर. साधा कंट्रोलर मधला फरक फुकट घालवतो. एक गोष्ट विक्रेते क्वचित सांगतात : मोकळ्या प्लेटचा व्होल्टेज एकोणपन्नासपर्यंत जातो आणि थंडीत तो वाढतो. पुढे मन बदलून दोन प्लेटा एकापुढे एक जोडल्यास तर अठ्ठ्याण्णव होतात, आणि डिसेंबरच्या दहा अंशांच्या सकाळी पहिलं ऊन पडलं की शंभराच्या वर. शंभर व्होल्टचा कंट्रोलर त्या एका सकाळी जळून जातो. दोन जोडायच्याच असतील तर समांतर जोड, नाहीतर दीडशे व्होल्टचा कंट्रोलर आण.

इन्व्हर्टर शक्य तितका बंद ठेव. काहीही न जोडता नुसता चालू राहिला तरी पंधरा वॅट खाणारे पुष्कळ असतात. चोवीस तासांत साडेतीनशे झाले, म्हणजे तुझ्या हिवाळ्यातल्या दिवसाचा तिसरा हिस्सा. दिवे, पंखे, फ्रिज बारा व्होल्टचेच घेतलेस हे फार चांगलं केलंस. चहा गॅसवर कर. हजार वॅटची किटली बारा व्होल्टवर ऐंशी अँपिअरच्या वर ओढते, ती तार आणि तो फ्यूज वेगळ्याच जाडीचा लागतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत बसव. बॅटरी आणि फ्यूज यांमधल्या तारेला कुणाचंही संरक्षण नसतं.

आपल्या वावरातला सोलर पंप तुला माहीत आहे. पाच अश्वशक्तीच्या त्या पंपाला पाच हजार वॅटच्या आसपास प्लेटा, म्हणजे तुझ्यासारख्या नऊ. आणि बॅटरी एकही नाही. पूर्वी कृषिपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाइन असायची, तेव्हा तुझ्या बाबांनी थंडीत मध्यरात्री उठून पाणी भरलं आहे. आता उजाडल्यावर पंप चालतो, पाणी ओळीत जातं, आणि वीज साठवायची गरजच उरत नाही, कारण ओल साठते. गाडीत हेच कर. लॅपटॉपचं काम दुपारी कर, बॅटरी भरत आली असताना जी वीज नाहीतर वाया जाते तिच्यावर. पाण्याच्या बाटल्या दुपारी फ्रिजमध्ये गोठव, रात्री त्या बर्फावर कॉम्प्रेसर कमी वेळा उठेल. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अकरा ते तीन या वेळातच भर. रात्रीचे तीनशे-चारशे असे दिवसावर गेले तर बॅटरी तेवढीच मोठी झाल्यासारखी आहे.

आणि गाडी चालते तेव्हा इंजिनचा अल्टरनेटर असतोच. तीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावलास तर तो चारशे वॅट देतो. यवतमाळहून पांढरकवड्यापर्यंतच्या सव्वा-दीड तासात पाचशे-सहाशे वॅट-तास भरले, मेमधली तूट तेवढीच आहे. अल्टरनेटरची तार सरळ लिथियमला जोडू नकोस, ती बॅटरी इतकं ओढते की अल्टरनेटर तापून जातो.

मुक्काम कुठे करायचा हेही बोलतो. टिपेश्वरच्या किंवा पैनगंगा अभयारण्याच्या आत रात्री थांबता येत नाही आणि थांबूही नये. टिपेश्वरजवळच्या सुन्ना गावात कुणाच्या अंगणात किंवा वावरात विचारून गाडी लाव, लोक नाही म्हणत नाहीत. आपल्या शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्यांसाठी पाणी-विजेची सोय असलेल्या जागांची कल्पना आहे. अशा ठिकाणी लाइन मिळाली तर खुशाल घे. गाडीतले बदल आरटीओकडे नोंदवून घे, त्यात आळस नको. सहस्रकुंडला जाशील तेव्हा पावसाळ्यात नदीच्या पात्राजवळ कधीही मुक्काम करू नकोस, वर पाऊस झाला की पैनगंगा रात्रीत चढते.

प्लेट घेण्याआधी एक काम कर. बॅटरी आणि एक साधा मीटर आण, प्लेट नको. बॅटरी घरी भरून गाडीत ठेव आणि दारातच दोन रात्री गाडीत झोप, सगळं सामान नेहमीसारखं वापर. मीटरवर रोज सकाळी किती गेलं ते लिही. माझे आकडे तुझ्या आकड्यांपुढे अंदाजच आहेत. ते आले की मला कळव, मग प्लेटचं नक्की करू.

आणि त्याआधी ट्रायलला इकडेच ये. तूर फुलावर आहे, रोही रोज येतात, मलाही रात्री सोबत होईल. गाडी पांदणीने आत आण आणि पूर्वेच्या धुऱ्यावर लाव, तिथे साडेसातला ऊन पोचतं. विहिरीजवळची चिंच सोड, तिची सावली दुपारपर्यंत हटत नाही. आजी विचारते आहे, गाडीत तव्याला जागा आहे का.

तुझा
आबाजी